विकणारे तुम्हीच, परवाना देणारेही तुम्हीच

प्रति,
मा. संरक्षण मंत्री, भारत सरकार
मा. सचिव, संरक्षण उत्पादन विभाग, नवी दिल्ली

प्रत : सांगली आणि सातारा लोकसभा मतदारसंघांचे मा. खासदार

महोदय,

स. न. वि. वि.

आर्थिक वर्ष संपले की आपल्या मंत्रालयाकडून एक आकडा जाहीर होतो. २०१३-१४ साली देशाची संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती, २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. त्यातले १५,२३३ कोटी खासगी कंपन्यांचे, ८,३८९ कोटी सरकारी कंपन्यांचे. त्या एका वर्षात निर्यातीच्या १,७६२ मंजुऱ्या दिल्या, सुमारे ८० देशांना माल गेला, २०२९ पर्यंत ५०,००० कोटी गाठायचे आहेत. हे सगळे आपण अभिमानाने सांगता. कोणत्या देशाला काय गेले, किती गेले आणि कोणाला आपण नाही म्हणालो, हे मात्र सांगत नाही. संसदेत विचारले तरी ‘सामरिक कारणांमुळे देशांची नावे उघड करता येत नाहीत’ अशा अर्थाचे उत्तर मिळते.

मी कुपवाड एमआयडीसीत एक लहान मशीन शॉप चालवतो. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (ही संगणकावर चालणारी धातू कापायची यंत्रे), काही जुने लेथ आणि माझ्याहून जास्त कळणारे चार-सहा कारागीर. आमचे मूळ काम पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या भागांचे. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली तेव्हापासून या भागाला लोखंड कापायची सवय आहे, त्यात नवल नाही. नवल हे की अलीकडे आमच्याकडे संरक्षणाचे जॉबवर्क येऊ लागले आहे. पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांचे वेंडर आमच्यासारख्यांना काम वाटून देतात. पैसे उशिरा मिळतात, पण दर बरा असतो आणि तपासणी कडक असते, त्यामुळे पोरांचा हात सुधारतो. मला हे काम हवे आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना ‘हा कुणी शांततावाला दिसतो’ असा समज नको.

शिवाय माझे आजोळ अपशिंग्याचे. साताऱ्याजवळच्या या गावाच्या नावापुढे लोक ‘मिलिटरी’ लावतात, कारण पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि आजही घराघरातून माणूस फौजेत जातो. शस्त्र म्हणजे पाप, असे तिथे कुणी म्हणणार नाही. शस्त्र कुणाच्या हातात जाते, हा प्रश्न मात्र तिथे रोजचा आहे.

आपल्या विभागाचे आणि आमच्या मुलखाचे एक जुने नातेही आहे. संरक्षण उत्पादन विभाग स्थापन झाला तो नोव्हेंबर १९६२ मध्ये. त्याच महिन्यात देवराष्ट्र्यात जन्मलेले, कराडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा म्हटले गेले. चीनच्या युद्धात आपल्या सैन्याकडे साधने अपुरी होती, ती देशातच तयार व्हावीत, एवढाच त्या वेळचा विचार होता. जगाला शस्त्रे विकण्याचा विचार फार नंतरचा. तो चूकच आहे असे मी म्हणत नाही. पण बनवण्यासाठी काढलेले खाते आता विकते, आणि विकावे की नाही हेही तेच ठरवते. माझी मुख्य तक्रार इथे आहे.

आधी मला काय अनुभव आला ते सांगतो.

मध्यंतरी एका एजंटामार्फत परदेशी व्यापारी कंपनीची चौकशी आली. स्टीलची फोर्जिंग, म्हणजे ठोकून घडवलेले कच्चे तुकडे, ते देणार, आम्ही लेथवर आतून-बाहेरून टर्निंग करून द्यायचे, माल थेट परदेशी जाणार. ड्रॉइंगवर शीर्षक होते ‘हायड्रॉलिक सिलिंडर बॉडी’. ज्याने आयुष्यभर सिलिंडर केले त्याला ते ड्रॉइंग बघून हसू येईल. एक तोंड बंद, दुसरीकडे निमुळते होत गेलेले, टोकाला आतून आटे, बुडाजवळ बाहेरून एक रुंद खाच. व्यास दीडशे मिलिमीटरच्या थोडा वर. आमच्या शॉपमधल्या सगळ्यात वयस्कर टर्नरने कागद हातात घेतला आणि म्हणाला, “साहेब, ह्या खाचेत तांब्याची पट्टी बसती. ह्यो गोळा हाय.”

मी एजंटाला विचारले, शेवटचा वापरणारा कोण? त्याच्याकडून अंतिम वापराचे प्रमाणपत्र, म्हणजे माल कोण आणि कशासाठी वापरणार याची लेखी हमी, मिळेल का? हा माल परवान्याच्या यादीत येतो, त्याचे काय? उत्तर आले, “तुम्ही मटेरियल सर्टिफिकेट द्या, बाकीचं आम्ही बघतो. एवढ्या चौकशा करणाऱ्यांचं काम होत नसतं.” नंतर त्याचा फोन आला नाही. विचारणाऱ्याची ऑर्डर गेली, एवढेच त्यातून माझ्या शेजारच्या शेडवाल्यांना कळले, आणि पुढच्या वेळी ते विचारतील असे मला वाटत नाही.

आता हा माल यादीत येतो हे मला कसे कळले? ‘स्कोमेट’ नावाची निर्यात नियंत्रणाची यादी आहे. तिचा सहावा विभाग लष्करी मालाचा. त्यात ६ए०१६ या क्रमांकाखाली खास शस्त्रांसाठी केलेली कास्टिंग, फोर्जिंग आणि अर्धवट घडवलेला माल येतो. म्हणजे कुपवाड, मिरज, सातारा, शिरवळ इथल्या कित्येक शेडमधून निघू शकणारा माल. यादी चांगली आहे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये भारत वासेनार गटाचा, म्हणजे शस्त्रांच्या आणि संवेदनशील तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटाचा, सदस्य झाला, त्याच्या यादीशी ती जुळती आहे. पण ती इंग्रजीत आहे, शेकडो पानांची आहे, आणि तिच्यावर बोट ठेवून समजावणारा माणूस आमच्या दोन जिल्ह्यांत मला सापडला नाही. कायदा मोडला तर दंड आहे, परवाना जातो, गंभीर प्रकरणात तुरुंग आहे. धाक पोहोचला आहे, माहिती पोहोचलेली नाही.

बरे, हे थेट निर्यातीचे झाले. आमचे बहुतेक काम देशातल्याच कंपनीला जाते, त्याला परवाना लागत नाही. तो शेवटी निर्यात करणाऱ्याने घ्यायचा. आम्हाला येणाऱ्या ड्रॉइंगवर पार्ट नंबर असतो, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) असतो, गुप्ततेची अट असते. तो भाग आपल्या सैन्यासाठी आहे की बाहेर जाणार, हे लिहिलेले नसते. डिलिव्हरी चलन पुण्याच्या गेटवर संपते. तासगावच्या शेतकऱ्याची द्राक्षे युरोपला जातात तेव्हा बागेची नोंदणी असते, औषधांच्या अंशाची तपासणी असते, तिकडच्या दुकानातल्या पेटीवरून इथला प्लॉट शोधता येतो. द्राक्षाच्या घडाला आपण एवढी शिस्त लावली. तोफगोळ्याच्या बाबतीत ज्याने तो घडवला त्यालाच त्याचा पत्ता माहीत नाही, आणि ज्यांच्या नावाने तो विकला गेला त्या नागरिकांनाही नाही.

मालाचे पुढे काय होते, ही माझी दुसरी तक्रार. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने बातमी दिली की भारतीय कंपन्यांनी युरोपातल्या ग्राहकांना विकलेले तोफगोळे पुढे युक्रेनला गेले आणि रशियाने त्यावर आक्षेप घेतला. परराष्ट्र मंत्रालयाने ही बातमी तर्कावर आधारलेली आणि दिशाभूल करणारी असल्याचे सांगितले. त्याआधी मे २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे म्यानमारविषयक विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांच्या अहवालात होते की २०२१ च्या लष्करी उठावानंतर भारतातल्या सरकारी आणि खासगी कंपन्यांकडून सुमारे ५ कोटी १० लाख डॉलरचा शस्त्रसामग्रीचा माल म्यानमारच्या लष्कराला गेला. आपण म्हणाल, यात बेकायदा काही नाही. शक्य आहे. पण पडताळायचे कशावरून? कागद आपल्याकडे, खुलासा आपला, निकालही आपलाच.

त्यात २०१४ नंतर नियम सैल झाले. सुटे भाग आणि उपप्रणालींसाठी अंतिम वापराच्या प्रमाणपत्रावर खरेदीदार देशाच्या सरकारची सही-शिक्का लागण्याची अट काढली गेली. २०१९ मध्ये काही ठरावीक देशांसाठी खुला सर्वसाधारण परवाना, म्हणजे दर खेपेला वेगळी मंजुरी न घेता माल पाठवायची मुभा, आला, त्यात अमेरिका, फ्रान्स, जर्मनी, पोलंड असे देश आहेत. कारखानदार म्हणून मला या सवलती आवडतात, खोटे कशाला बोलू. गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटसाठी परक्या देशाच्या मंत्रालयाची सही आणायला लावणे हा छळच होता. पण तोफेची नळी, फ्यूज (गोळ्याचा स्फोट घडवणारा भाग), गोळ्याची बॉडी यांनाही ‘सुटा भाग’ म्हणता येते, आणि खरेदीदार जर नुसता व्यापारी असेल तर त्याच्या सहीला काय किंमत? माल पोहोचल्यावर तो तिथेच आहे का, हे आपला माणूस जाऊन बघतो का, याबद्दल जनतेसमोर एक ओळही नाही.

हा प्रश्न परक्यांच्या कळवळ्याचा आहे असे समजू नका. ९ एप्रिल २०१३ रोजी दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले आपले पाच जवान दबा धरून केलेल्या हल्ल्यात मारले गेले. शांतिसेनेत आपली माणसे आजही जातात, त्यात आमच्याकडचीही असतात. वाट चुकलेली हत्यारे अशाच प्रदेशांत पोहोचतात.

आणि एक आठवण. त्याच महिन्यात, २ एप्रिल २०१३ ला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शस्त्रव्यापार करार मंजूर झाला. भारत तटस्थ राहिला. आपला आक्षेप होता की दहशतवादी आणि बिगर-सरकारी गटांच्या हाती शस्त्रे जाऊ नयेत याबाबत करार दुबळा आहे, आणि निर्यातदार देशांच्या हाती एकतर्फी ताकद जाते. तेव्हा आपण प्रामुख्याने खरेदीदार होतो. आक्षेप मला पटला होता. आता आपण विक्रेते झालो, तर त्या कराराहून कडक असा आपला स्वतःचा नियम कुठे आहे? परकीय व्यापार कायदा १९९२ चा, सामूहिक संहाराच्या शस्त्रांचा कायदा २००५ चा. दोन्ही मी शक्य तितके वाचले. नेहमीची शस्त्रे कोणत्या परिस्थितीत विकायचीच नाहीत, याची सरकारला बांधणारी कसोटी त्यांत मला दिसली नाही. युरोपीय संघाने २००८ साली आठ निकष लिहून ठेवले. तिथले देश ते नेहमी पाळतात असे मुळीच नाही. पण लिहिलेले असल्यामुळे नागरिक कोर्टात तरी जाऊ शकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये हेगच्या अपील न्यायालयाने नेदरलँड्स सरकारला एफ-३५ विमानांचे भाग इस्रायलला पाठवणे थांबवायला सांगितले, ते त्यामुळेच.

आपल्याकडे त्याच वर्षी ९ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने इस्रायलला होणाऱ्या निर्यातीचे परवाने रद्द करण्याची याचिका फेटाळली. परराष्ट्र धोरणाच्या क्षेत्रात न्यायालय शिरू शकत नाही, ते सरकारचे काम आहे, असे सांगितले. ठीक आहे, न्यायालयाची मर्यादा मान्य. मग सरकारला विचारायची जागा उरली ती संसद, आणि संसदेला आपण देशांची नावेही देत नाही. गंमत म्हणजे वासेनार गटाचा सदस्य या नात्याने गटाबाहेरच्या देशांना केलेल्या मोठ्या शस्त्रांच्या निर्यातीची माहिती दर सहा महिन्यांनी इतर सदस्य देशांना देण्याची व्यवस्था आहे. म्हणजे जी माहिती व्हिएन्नात, त्या गटाच्या कार्यालयात, परक्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर जाऊ शकते, ती सांगलीने निवडून दिलेल्या खासदाराला मिळत नाही. यात कोणते सामरिक गुपित राखले जाते, ते मला समजावून सांगावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दुहेरी (नागरी आणि लष्करी) वापराच्या मालाचे, म्हणजे रसायने, यंत्रे वगैरेंचे अर्ज विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अध्यक्षतेखालचा आंतरमंत्रालयीन गट बघतो. लष्करी मालाचा परवाना मात्र संरक्षण उत्पादन विभाग देतो. संवेदनशील अर्जांवर परराष्ट्र मंत्रालयाचे, डीआरडीओचे मत घेतले जाते हे मला माहीत आहे. पण शेवटची सही आपली. हाच विभाग निर्यातीचे लक्ष्य ठरवतो. हाच विभाग सरकारी संरक्षण कंपन्यांचा मालक आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या, तेव्हापासून ही मालकी अधिकच सरळ धंद्याची झाली. दारूगोळ्याची कंपनी तर इथे पुण्यातच आहे. पूर्वी निर्माणीचे यश आपल्या सैन्याची मागणी पुरी झाली का, यावर मोजायचे. आता ऑर्डर बुक आणि नफा बघतात. ज्या अधिकाऱ्याने वर्षअखेरीला निर्यातीचा आकडा वाढवून दाखवायचा, त्यानेच एखाद्या मोठ्या ऑर्डरला ‘नको’ म्हणायचे. तो माणूस कितीही सचोटीचा असो, त्याला या जागी बसवणे अन्याय आहे. आजवर किती अर्जांना ‘नको’ म्हटले, हाच आकडा एप्रिलच्या पत्रकात का नसतो?

माझ्या मागण्या अशा :

१. दर वर्षी संसदेच्या पटलावर शस्त्रनिर्यातीचा अहवाल ठेवा. देश, मालाचा प्रकार, किंमत, नाकारलेले अर्ज आणि नाकारण्याचे कारण. एखादी माहिती खरोखर नाजूक असेल तर ती वर्षभर उशिरा द्या किंवा संरक्षणविषयक स्थायी समितीला बंद खोलीत द्या. स्वीडनचे सरकार आपल्या संसदेला दर वर्षी असा अहवाल देते, ब्रिटन परवान्यांची देशवार आकडेवारी दर तिमाहीला प्रसिद्ध करते. त्यांचा धंदा बुडालेला नाही.

२. लष्करी मालाच्या परवान्याचा अधिकार संरक्षण उत्पादन विभागाकडून काढून आंतरमंत्रालयीन मंडळाकडे द्या आणि त्यात परराष्ट्र मंत्रालयाला नकाराधिकार ठेवा.

३. कोणाला विकायचे नाही याची कसोटी कायद्यात लिहा. नागरिकांवर हत्यार चालवणारी राजवट, दहशतवाद्यांकडे माल वळण्याची शक्यता, संयुक्त राष्ट्रांची बंदी, एवढे तरी.

४. दारूगोळा, गोळ्याची बॉडी, फ्यूज, नळी यांना सुट्या भागांच्या सवलतीतून वगळा. त्यांच्यासाठी खरेदीदार देशाच्या सरकारचे प्रमाणपत्र सक्तीचे करा, आणि माल पोहोचल्यावर आपल्या दूतावासातून प्रत्यक्ष तपासणी व्हावी.

५. संरक्षणाच्या प्रत्येक पर्चेस ऑर्डरवर, ती कितव्याही हाताने आमच्यापर्यंत येवो, एक ओळ सक्तीची करा : माल लष्करी आहे का, स्कोमेटच्या कोणत्या क्रमांकात येतो आणि निर्यातीसाठी आहे का. देशाचे नाव नका लिहू हवे तर. ही ओळ वाचून एखाद्या लघुउद्योजकाने काम नाकारले, किंवा संशयास्पद चौकशी आपल्याला कळवली, तर त्याचे नाव वेंडर यादीतून कापले जाणार नाही, अशी तरतूद हवी. आज मी तसे कळवायचे ठरवले तर कोणाला फोन करावा?

६. सांगली आणि सातारा जिल्हा उद्योग केंद्रांत महिन्यातून एक दिवस स्कोमेटची माहिती असलेला अधिकारी बसवा, आणि यादीतला निदान सहावा विभाग मराठीत द्या.

दोन्ही मा. खासदारांना वेगळी विनंती. आपण वेगवेगळ्या पक्षांचे असाल-नसाल, या प्रश्नाला पक्ष नाही. येत्या अधिवेशनात दोनच प्रश्न विचारा : गेल्या पाच वर्षांत लष्करी मालाच्या निर्यातीचे किती अर्ज नाकारले, आणि विकलेल्या मालाची परदेशात जाऊन किती वेळा तपासणी केली? दोन्हींची उत्तरे निव्वळ संख्येत आहेत. त्यात ना देशाचे नाव येते, ना कंपनीचे, त्यामुळे सामरिक कारण सांगायला जागा नाही.

मंत्रिमहोदय, आपले उत्तर जाहीर असावे. मला एकट्याला पत्र आले तर ते मी एमआयडीसीतल्या आमच्या असोसिएशनच्या फळ्यावर लावीन.

आपला,
एक लघुउद्योजक
कुपवाड औद्योगिक वसाहत, जि. सांगली